लिनक्स लॅपटॉप झोपायला फार वेळ घेतोय, मदत हवी आहे

लोकहो, झाकण बंद केलं की स्क्रीन काळी होते पण फॅन २० सेकंद घुंघुं करत राहतो, मग कधी झोपतो आणि कधी झोपतच नाही, बॅगेत नुसता तापत बसतो. जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टीमच्या नोंदी दाखवणारी कमांड) 'फ्रीझिंग फेल्ड आफ्टर २० सेकंद' छापाची ओळ आहे, खाली अडकलेली प्रोसेस, आणि ती नेमकी ऑफिसच्या सर्व्हरचं फोल्डर एसएसएचएफएसने (दूरचं फोल्डर नेटवर्कवरून जोडणारं साधन) माउंट केलंय त्यावर लटकलेली. कर्नल (लिनक्सचा गाभा) २० सेकंदच वाट बघतो, प्रोसेस गोठली नाही तर सस्पेंड (झोपणं) रद्द, एवढं कळलं. हाताने अनमाउंट केलं की झटकन झोपतो, पण दरवेळी कोण लक्षात ठेवणार!

सिस्टीमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) सिस्टीम-स्लीप फोल्डरात स्क्रिप्ट टाकून 'प्री'ला, म्हणजे झोपण्याआधी, लेझी अनमाउंट (फोल्डर वापरात असलं तरी लगेच सोडवणं) करू का, की तोवर नेटवर्क मॅनेजरने वायफाय तोडलेलं असतं आणि स्क्रिप्टच लटकेल? कुणी केलंय का असं?

आणि हो, झोपेचे प्रकार दाखवणाऱ्या मेम-स्लीप फाइलमध्ये एसटूआयडल (हलकी झोप) आणि डीप (गाढ झोप) दोन्ही दिसतात, चौकटी कंस, म्हणजे सध्याची निवड, एसटूआयडलला आहे, म्हणूनच रात्रभरात बॅटरी एवढी उतरते ना? डीप कायमचं ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) घालण्याआधी नीट जागा होतो का ते कसं तपासता? बायोस अपडेट कर म्हणू नका, ते झालंय.