सोसायटी ग्रुप: बाबांचे बूट

बी-५०४: नमस्कार. मॉलमधल्या महागड्या बुटांच्या दुकानात कुणी जाणार असेल तर आधी हे वाचा. चुलतभावाच्या लग्नासाठी बाबांना २४,९९० रुपयांचे बूट घेतले. घेताना सोफा, कॉफी, लेस बांधून द्यायला माणूस. दुसऱ्यांदा घातले तर डाव्या बुटाचा सोल पुढून उघडला, तोही मंगल कार्यालयातल्या फरशीवर. पावसात एकदाही नेलेले नाहीत.

परवा परत घेऊन गेलो. ४० मिनिटं कुणी बसासुद्धा म्हणालं नाही. मॅनेजर आले, त्यांनी बाबांच्या पायातल्या साध्या चपला पाहिल्या आणि मला विचारलं, "हे नक्की आमच्याकडूनच घेतलेत?" बिल बाबांच्या हातात होतं! मग म्हणाले, वापरण्यात चूक झाली असेल, बिलावर लिहिलंय, विकलेला माल परत घेत नाही. बाबा एक शब्द बोलले नाहीत. रिक्षात म्हणाले, "जाऊ दे गं." पैशांपेक्षा मला ते लागलंय.

ए-१०२: अगं, काकांशी असं वागले? वाचूनच कसंतरी झालं.

सी-३०१: ताई, सोल शिवलेला आहे की पेस्टिंगचा, म्हणजे नुसता चिकटवलेला? उघडलेल्या फटीत बघा. कडेचे टाके कधीकधी नुसते शोभेचे असतात.

बी-५०४: दोरा कुठेच नाही दादा, सुकलेलं सोल्यूशन दिसतंय. विकताना तर "पूर्ण शिवलेला आहे, सोल झिजला की बदलून मिळेल" असं सांगितलं होतं.

सी-३०१: मग हे तक्रारीत आलंच पाहिजे. पेस्टिंगचा बूट म्हणजे वाईट असं नाही, पण शिवलेला सांगून तो गळ्यात मारणं ही फसवणूक आहे.

ए-१०२: तोवर कोपऱ्यावरच्या दादांकडून चिकटवून घे ना.

सी-२०३: अजिबात चिकटवू नका, तोच आपला पुरावा आहे. फोटो काढा, बिल आणि खोकं जपून ठेवा. बिलावर काहीही छापलं तरी सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. आज दुकानाला लेखी मेल टाका. तोंडी बोलणं नंतर कुणी कबूल करत नाही. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. आमच्या फ्रिजच्या वेळी मी स्वतःच उभा राहिलो होतो.

बी-५०४: काका, मेलमध्ये त्यांनी बाबांच्या चपला बघून काय विचारलं तेही लिहू?

सी-२०३: जसंच्या तसं लिही. तारीख आणि वेळ घालून.

ए-१०२: आणि ४० मिनिटं उभं ठेवलं तेही.

बी-५०४: मी बाबा लिहितोय, हिच्या फोनवरून. खोकं माळ्यावर आहे, काढतो. संध्याकाळी सातला बूट घेऊन तुमच्याकडे येऊ का?

सी-२०३: या ना. चहा टाकतो.