विषय: शनिवारचा सिनेमा, 'ब्रूस ऑलमायटी'

सांस्कृतिक सचिव:
मंडळी, नमस्कार. यंदा जिम कॅरीचा 'ब्रूस ऑलमायटी' (२००३) लावतोय. बफेलोचा टीव्ही बातमीदार, बढती हुकते म्हणून देवाच्या नावानं बोटं मोडतो. देव (मॉर्गन फ्रीमन) म्हणतो, घे, तूच चालव. अटी दोनच: आपण देव आहोत हे कुणाला सांगायचं नाही आणि कुणाच्या इच्छेवर जबरदस्ती करायची नाही. वडे ६ वाजता.

एक ज्येष्ठ सभासद:
त्यापेक्षा सलमानचा 'गॉड तुस्सी ग्रेट हो' लावा ना. त्यात देव अमिताभ आहे. हिला इंग्रजी भराभर कळत नाही.

एक सभासद:
काका, मूळ बघाच. ब्रूस ऑन एअर भडकतो ती नायगाराची बोट बघायला तरी. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर रेनकोट घालून आपण तिच्यावर चढलोय! शेवट जरा गुळचट आहे, हे मान्य. पण प्रेयसीवर छाप पाडायला तो दोरी टाकून चंद्र जवळ ओढतो आणि त्याचा फटका जपानच्या किनाऱ्याला बसतो, ते भारी आहे. आणि सिनेमात दाखवलेला देवाचा फोन नंबर खऱ्या लोकांचा निघाला. 'देव आहे का?' असे फोन त्यांना येऊ लागले, तेव्हा पुढे तो बदलावा लागला.

सांस्कृतिक सचिव:
मी हा सिनेमा निवडला तो एकाच प्रसंगासाठी. ब्रूसला लोकांच्या प्रार्थना ईमेलनं येतात. कितीही भराभर टाइप केलं तरी इनबॉक्स भरतोच. शेवटी वैतागून तो सगळ्यांना एकदम 'हो' म्हणतो. मग लॉटरी इतक्या जणांना लागते की वाट्याला १७ डॉलर येतात, आणि लोक दंगलीवर उतरतात. गेल्या कोजागिरीला मीही असंच केलं होतं. 'मी केशर आणते' म्हणणाऱ्या सगळ्यांना 'हो' लिहिलं. केशराच्या सात डब्या आल्या आणि दूध कुणीच आणलं नाही. काकूंसाठी सबटायटल्स मोठ्या अक्षरात लावू.

ज्येष्ठ सभासद:
बरं, लावा इंग्रजीच. फक्त वडे साडेपाचला ठेवा. मला आठच्या आत घरी पोचायचं असतं.

सांस्कृतिक सचिव:
काका, या वेळी नाही.