‘कस्टम कार’ला मराठीत काय म्हणावं?

माटुंग्याहून:
‘ग्रॅन टुरिस्मो ७’ या गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेमवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलेय. गेममध्ये कंपन्यांच्या गाड्यांसोबत ‘मॅक फॉर्टी’ नावाची कस्टम कारही आहे. रूप १९६९च्या फोर्ड मस्टँगचं, इंजिन मात्र फोर्ड जीटी या सुपरकारचं आणि तेही चालकाच्या पाठीमागे. अमेरिकेतल्या एका वर्कशॉपनं ती खरोखर बनवलीय. लास व्हेगासच्या सेमा शो या मोटारींच्या प्रदर्शनात २००३ पासून ग्रॅन टुरिस्मोतर्फे अशा गाड्यांना पुरस्कार दिले गेले आणि कित्येक विजेत्या गाड्या गेममध्ये उतरल्या. यांना ‘मॉडिफाईड’ म्हटलं तर घोळ होतो, कारण टर्बो नि स्पॉयलर लावून खेळणाराही गेममध्ये गाडी मॉडिफाय करतोच. मला शब्द हवाय तो खऱ्या जगात बनलेल्या गाडीसाठी.

कुर्ल्याहून:
सीएसटी रोडवर माझं गॅरेज आहे. ‘मॉडिफाईड’ नकोच. कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितल्यापासून हा शब्द ऐकला की गिऱ्हाइकाला आधी दंड आठवतो. आमच्यात ‘काम केलेली गाडी’ म्हणतात, पण सेकंडहँड घेणारा त्याचा अर्थ ‘ठोकलेली’ असाच घेतो.

वरळीहून:
‘सजवलेली’ कशी वाटते?

माटुंग्याहून:
डोळ्यांपुढे लग्नाची गाडी येते हो, बॉनेटवर झेंडूच्या माळा. आणि इथे तर सांगाडाच बदललाय.

वरळीहून:
खरंय. मग ‘बांधणे’ घ्या. आमच्या कोळीवाड्यात होडी बांधतात, ट्रकची बॉडीही बांधतात. आधी नव्हतं ते उभं केलं, हा अर्थ त्या क्रियापदात आयताच आहे.

गिरगावातून:
क्रियापद उत्तम. फक्त ‘बांधीव’ करू नका, बांधीव म्हणजे विहीर किंवा घाट. ‘हातसडीचा तांदूळ’, ‘हातमागाचं लुगडं’ या चालीवर ‘हातबांधणीची गाडी’ म्हणा. शब्द नवा आहे, पण कानाला ओळखीचा लागतो. लेख वाचणाऱ्या पोरांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

कुर्ल्याहून:
हा पटला. पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासली की आमचा पेंटर डोळे मिटून त्यावर बोटं फिरवतो. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो, मग पुन्हा घासायचं. त्या मस्टँगवर असे कितीतरी दिवस गेले असणार. ‘हात’ शब्दात यायलाच हवा.

माटुंग्याहून:
वाक्य असं केलंय: ‘मॅक फॉर्टी ही हातबांधणीची गाडी, गेममध्ये ती जशीच्या तशी उतरवली आहे.’ खेळणाऱ्यानं केलेल्या बदलांना ‘मॉडिफाय’च ठेवते.

कुर्ल्याहून:
ठेवा. फक्त नुसते अलॉय व्हील लावलेल्या गाडीला कुणी हातबांधणीची म्हणू नये, एवढं लेखात घाला.