पोळी-भाजी केंद्राचा रोजचा खर्च कुठे कमी करता येईल? सल्ला हवा आहे

ताजीपोळी
पुण्यात छोटं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज साधारण ३०० पोळ्या आणि भाजी-उसळीचे ६० डबे जातात. महिन्याला १९ किलोचे चार ते पाच सिलिंडर लागतात. पोळीचा भाव गल्लीतल्या बाकीच्या केंद्रांएवढाच ठेवावा लागतो, त्यामुळे तिथे हात लावता येत नाही. मालाचा दर्जाही उतरवायचा नाही. गॅस, तेल, पॅकिंग आणि उरलेली भाजी या चार ठिकाणी पैसा जातो असं दिसतं. इंडक्शन घ्यावं का? तेल-गहू एकदम भरून ठेवणं परवडतं का? कृपया आकड्यांसकट सांगा.

हिशोबनीस
तुमच्या चारांत एक पाचवी जागा धरली नाहीत, आणि बहुतेक केंद्रांत सगळ्यात मोठी गळती तिथेच असते: उंड्याचं वजन. एक किलो कणकेला ६०० ते ६२० मिली पाणी, १५ ग्रॅम मीठ आणि २० मिली तेल घातलं की साधारण १६४० ग्रॅम भिजवलेली कणीक होते. ३५ ग्रॅमचा उंडा केला तर ४६ पोळ्या, ४० ग्रॅमचा केला तर ४१. पाच ग्रॅम हाताला कळत नाहीत, पण ३०० पोळ्यांना ती दीड किलो कणीक होते, म्हणजे रोज सव्वानऊशे ग्रॅमच्या आसपास पीठ. महिन्याचे २६ दिवस धरले तर २४ किलो. सगळे उंडे तोलायची गरज नाही. कणकेची लांब वळी करा, ३५० ग्रॅमचा तुकडा तोला आणि त्याचे दहा करा. हात दोन-तीन दिवसांत बसतो. मात्र दुपारनंतर, काम करणारीचा हात थकला की, उंडे पुन्हा मोठे होतात. तेव्हा एकदा काटा समोर ठेवा.

भाजीचंही तेच. डावाने वाढू नका. २०० ग्रॅम बसेल अशी एक वाटी ठरवा आणि तीच वापरा. रस्सा आणि सुकी भाजी यांना वेगळी वाटी लागते, कारण त्याच वाटीत सुकी भाजी कमी वजनाची बसते आणि मग गिऱ्हाईक कुरकुरतं.

निळीज्योत
गॅसबद्दल. आधी मोजा. प्रत्येक सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. आला की काट्यावर ठेवून घ्या. एकूण वजनातून ते वजा केलं की १९ किलो निघायला हवेत. घरी पोचवणाऱ्याकडे काटा मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. मग 'संपला' म्हणून परत देण्याआधी पुन्हा तोला. एक-दोन किलो शिल्लक निघाले तर तेवढा गॅस तुम्ही विकत घेऊन परत पाठवत आहात.

असं का होतं? मोठी शेगडी आणि पोळीचा तवा एकदम चालू असतील तर टाकीतून वायू भराभर ओढला जातो. आतला द्रव वायू होताना उष्णता घेतो, टाकी गार पडते, बाहेरून दव किंवा बर्फ धरतं आणि दाब पडतो. ज्योत मंदावली की आपण टाकी संपली म्हणतो. हिवाळ्यात हे जास्त. उपाय म्हणजे दोन टाक्या एकाच वेळी जोडून चालवणं, म्हणजे प्रत्येकीवरची ओढ निम्मी होते. ही जोडणी वितरकाच्या माणसाकडूनच करून घ्या, बाजारातला टी-जॉइंट आणून नव्हे. आणि टाकीला जाळ दाखवणं किंवा टाकी आडवी करणं तर अजिबात नको.

ज्योत पिवळी असेल तर बर्नरची भोकं किंवा नोझल चोंदलंय, नाहीतर हवेची चकती नीट बसलेली नाही. भांड्याच्या बुडाला काजळी धरणं हे त्याचंच लक्षण. आठवड्यातून एकदा बर्नर गरम पाणी आणि सोड्यात भिजवून, पिनेने भोकं साफ करून, पूर्ण वाळवून लावा. ओला लावलात तर तडतडतो. ज्योत भांड्याच्या बाजूंनी वर येत असेल तर तो गॅस वाया चालला आहे, लहान बर्नरवर घ्या.

पोळीच्या तव्याला एक नियम: लाटलेल्या दहा-बारा पोळ्या तयार झाल्याशिवाय जाळ मोठा करू नका. एक लाटणारी आणि एक भाजणारी असेल तर भाजणारीला वाट पाहावी लागते आणि तवा रिकामा जळतो. दोघी लाटा, एकीने भाजा. लाटलेल्या पोळ्या एकावर एक चिकटतात म्हणून कापडावर वेगवेगळ्या पसरा. लावायची पिठी चाळून घ्या. जास्तीची पिठी तव्यावर करपते, पोळीला काळे ठिपके येतात आणि तवा पुसण्यात वेळ जातो.

फटफटी७५
एवढं कशाला? घरगुती सिलिंडर लावा, स्वस्त पडतो.

निळीज्योत
@फटफटी७५, घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला वापरणं कायद्याने गुन्हा आहे. टाक्या जप्त होतात. शिवाय दुकानात आग लागली तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. बचतीच्या यादीत हे धरू नका.

विद्युतमापक
इंडक्शनचं गणित सरळ आहे. एक किलो एलपीजीत साधारण १२.८ युनिटइतकी उष्णता असते. व्यापारी शेगडीवर त्यातली निम्म्याच्या आसपास भांड्यात जाते, बाकी बाजूने जाते. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते. म्हणजे १९ किलोच्या टाकीचं काम इंडक्शनवर १३० ते १४० युनिटांत होतं. व्यापारी टाकीचा दर दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, म्हणून त्या दिवशीच्या दराला १३५ ने भागा. टाकी १९०० रुपयांची धरली तर उत्तर १४ रुपये. तुमच्या व्यापारी मीटरचं एक युनिट याहून स्वस्त पडत असेल तर इंडक्शन परवडतं. युनिटचा दर काढताना वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क धरा. स्थिर आकार धरू नका, तो शेगडी घेतली काय, न घेतली काय, भरावाच लागतो. हीच चूक करून बरेच जण इंडक्शन महाग ठरवतात.

पण पोळ्या गॅसवरच ठेवा. मोठा तवा इंडक्शनच्या गुंडाळीबाहेर जातो, मधे तापतो आणि कडेला कच्चा राहतो. डाळ, भात, उसळ आणि पाणी तापवणं इंडक्शनवर न्या. साडेतीन किलोवॅटची शेगडी १५ अँपिअरच्या वर ओढते, तेव्हा तिला स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) आणि ४ चौरस मिमीची तार लागेल. मिक्सरच्या प्लगावर लावलीत तर सॉकेट वितळेल. मंजूर भार पुरेसा आहे का तेही बिलावर बघा.

ताजीपोळी
काटा आहे, पण टाकी परत देताना कधी तोलली नव्हती. इंडक्शनचं समजलं. तेलाचं आणि भाजीचं कोणी सांगेल का? गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाणं परवडतं का?

मंडईरोज
यार्डात फळभाज्यांचा भाव दहा किलोला बोलतात, पालेभाजीचा शेकडा जुड्यांना. तुमच्या मालाला रोज जाणं परवडणार नाही, टेम्पो-रिक्षाचं भाडं आणि तीन-चार तास जातात. कांदा, बटाटा, लसूण आठवड्यातून एकदा यार्डातून. बाकीचं जवळच्या मंडईतून. कांद्याची गोणी उघडल्या उघडल्या ओतून निवडा. एक सडका कांदा आजूबाजूचे नासवतो. नंतर हवेशीर क्रेटमध्ये, बटाट्यापासून लांब.

भाव बघताना किलोचा बघू नका, कढईत पडणाऱ्या किलोचा बघा. मटाराच्या शेंगांतून निम्म्याहून थोडे कमीच दाणे निघतात. शेंगा ५० रुपये किलो असतील तर दाणे ११० ला पडले, वर सोलायची मजुरी. त्या दिवशी गोठवलेले दाणे स्वस्त असू शकतात. फ्लॉवरचा पाला-दांडा बराच जातो. कोवळे दांडे बारीक चिरून भाजीतच घाला. गवार, दुधी, कोबी, भोपळा यांत वाया कमी जातं. आठवड्याच्या यादीत या भाज्या जास्त दिवस ठेवल्या तरी कोणी तक्रार करत नाही. (गवारीच्या शिरा नीट काढल्या तर.)

तेलाच्या डब्यात बरेच जण फसतात. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दिसायला सारखेच. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलोच असतं. सव्वा किलोहून जास्त फरक. पिशव्यांचंही तसंच: लिटरच्या पिशवीसारखी दिसणारी ८०० किंवा ८५० ग्रॅमची पिशवी असते. नेहमी छापलेल्या ग्रॅमने भागून किलोचा दर काढा. डबा फोडला की तेल झाकणाच्या स्टीलच्या कॅनमध्ये काढा आणि भट्टीपासून दूर ठेवा. उष्णतेने आणि उजेडाने खवट होतं. महिन्याभरात संपेल तेवढंच घ्या.

गव्हाबद्दल: तुम्हाला दिवसाला साडेसहा-सात किलो पीठ लागतं, म्हणजे ५० किलोची गोणी आठवडाभर जाते. मार्च-एप्रिलमध्ये नवीन माल आला की महिना-दोन महिन्यांचा घ्या. त्याहून जास्त साठवलात तर जागेचं भाडं आणि किडीची भीती, बचत तिथेच संपते. नवा गहू उन्हात वाळवून ठेवा. बोरिक पावडर धंद्याच्या धान्याला लावू नका, कडुनिंबाचा पाला पुरे. पीठ गिरणीतून आलं की परातीत गार करून मगच डब्यात भरा. गरम पीठ झाकलं की आत दमट होतं आणि जाळी धरते.

सांडगेमिरगुंड
उरलेल्या भाजीवर उपाय म्हणजे ती उरूच न देणं. ६० डबे लागतात म्हणून ६० ची भाजी एकदम करू नका. ५० ची करा आणि पिठल्याची तयारी ठेवा. २५० ग्रॅम बेसनाला एक लिटर पाणी घेतलं की सहा डबे होतात, पंधरा मिनिटांत. भाजी संपली की फळीवर 'पिठलं' लिहा. बेसन नासत नाही आणि पिठल्याला नाही म्हणणारं गिऱ्हाईक क्वचितच.

उसळीचं: मोड आलेली मटकी कच्चीच फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकते. शिजवलेली उसळ ठेवायचीच असेल तर पसरट ताटात ओतून दोन तासांच्या आत गार करा आणि ५ अंशांखाली ठेवा. खोल पातेल्यात मधली उसळ तासन्‌तास कोमट राहते, आंबते ती त्यामुळेच. कडधान्य रात्री भिजवा, तूरडाळ अर्धा तास. कुकरचा दाब आला की ज्योत बारीक करा. शिट्ट्या मोजत मोठ्या आचेवर ठेवल्याने डाळ लवकर शिजत नाही, वाफच बाहेर जाते.

फटफटी७५
पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा. फुकट.

कागदीघोडा
@फटफटी७५, ते चालत नाही. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे, कारण छपाईची शाई तेलकट पोळीला लागते. बटर पेपर किलोवर घ्या, दुकानात कापलेले ताव नगावर महाग पडतात. पोळी तव्यावरून काढली की जाळीवर दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग गुंडाळा. गरम गुंडाळली की घाम सुटतो, खालच्या पोळ्या लगदा होतात आणि त्या बदलून द्याव्या लागतात.

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पहिल्यांदा ५०००, दुसऱ्यांदा १०,००० दंड. नेहमीच्या गिऱ्हाइकांना डबा आणल्यास दोन रुपये कमी करा. कंटेनरचा खर्च त्याहून जास्त असतो, म्हणून तुमचा तोटा नाही. महिन्याचे डबे असतील तर स्टीलचे दोन डबे अनामत घेऊन फिरते ठेवा. झाकणावर रंगाने आकडा घाला, नाहीतर डबे अदलाबदल होऊन वाद होतात.

हिशोबनीस
कागदपत्रांत जाणारे पैसेही बघा. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन पुरतं. सरकारीसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट त्यासाठी हजार-दोन हजार घेतात. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही, पण पैसे जमा झाल्याचा आवाज करणाऱ्या डबीचं महिन्याचं भाडं गुपचूप कापलं जातं, पासबुक तपासा. खानपान सेवेला महाराष्ट्रात वर्षाच्या २० लाख उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. तुमची उलाढाल त्याच्या जवळ असेल तर दर महिन्याची बेरीज लिहीत जा. नोंदणीनंतर ५ टक्के कर भरावा लागेल आणि व्यापारी गॅसवर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट मिळणार नाही, हे भाव ठरवताना लक्षात घ्या.

ताजीपोळी
सगळ्यांचे आभार. एक शंका: उंडा ३५ ग्रॅमचा केला तर पोळी लहान दिसेल का? गिऱ्हाईक आकार बघतं.

मंडईरोज
कणीक अर्धा तास मुरू द्या, मग ३५ ग्रॅमची पोळीही सहज सात इंच लाटली जाते. न मुरलेली कणीक आक्रसते, म्हणून उंडा मोठा घ्यावासा वाटतो. उन्हाळ्यात गार पाण्याने भिजवा आणि तीन-तीन किलोचे घाणे करा. एकदम सगळी भिजवलीत तर शेवटची कणीक सैल पडते, पिठी जास्त लागते आणि पोळी कडक होते.