'जगरनॉट' आपल्या लेखनातून हद्दपार व्हावा का?

मुक्ता_प
निवडणुकीत एखादा पक्ष जिंकत सुटला, की इंग्रजीत लिहिणारे आपले पत्रकार 'जगरनॉट' लिहितात. अर्थ: वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी, थोपवता न येणारी शक्ती. मूळ: पुरीचा जगन्नाथ.

भाविक रथाच्या चाकांखाली स्वतःला झोकून देतात, असं चौदाव्या शतकात ओडोरिक या इटालियन फ्रान्सिस्कन साधूने लिहिलं. गंमत अशी, की त्याने वर्णन केलेला रथ पुरीचा नव्हता, कोरोमंडल किनाऱ्यावरचा होता. पुढे पाद्री क्लॉडियस ब्यूकॅनन १८०६ मध्ये पुरीला गेला. १८११ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकाने नरबळी मागणाऱ्या रथाचं चित्र ब्रिटनमध्ये घरोघरी पोचवलं. ज्या देवापुढे आपण हात जोडतो, त्याचं नाव आपणच या अर्थाने का वापरायचं?

शब्दवेडा
असहमत. शब्द आपलं मूळ विसरतात. लंडनच्या माणसाला 'जगरनॉट' म्हटलं की महामार्गावरचा अवजड ट्रक आठवतो, देव नाही. शिवाय सगळंच खोटं होतं असं नाही. अँड्र्यू स्टर्लिंग या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये लिहून ठेवलंय, की त्याने पाहिलेल्या चार वर्षांत चाकाखाली तीन मृत्यू झाले.

वैदर्भी
स्टर्लिंगचं पुढचं वाक्यही सांगा ना! त्या तिघांपैकी एक बहुधा अपघात होता आणि उरलेले दोघे असह्य दुखण्याने गांजलेले होते. एवढ्या अफाट गर्दीत चार वर्षांत तीन. १८७२ मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्यानेही लिहिलं, की असा आत्मघात जगन्नाथाच्या उपासनेच्या विरुद्ध आहे.

आम्हा नागपूरकरांना हे जास्त लागतं. १७५१ ते १८०३ ओडिशा भोसल्यांकडे होता. जगन्नाथाच्या देवळाच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून पुरीला आला तो मराठ्यांच्याच काळात. म्हणजे त्या देवळाशी आपला थेट संबंध होता.

आणि आपल्या भाषेत काय राहिलं बघा. ग्रंथालय उभारायचं असो की गावाचं तळं उपसायचं असो, आपण म्हणतो, "हा जगन्नाथाचा रथ आहे, सगळ्यांनी हात लावला पाहिजे." रथ तोच. इंग्रजांना चाकाखालचा माणूस दिसला, आपल्याला दोर ओढणारे हजारो.

शब्दवेडा
हा मुद्दा मोठा आहे, मान्य. पण त्यातूनच माझं म्हणणंही सिद्ध होतं. दोन भाषांनी दोन वेगळे शब्द घडवले. इंग्रजीत लिहिताना इंग्रजी अर्थच चालणार. मूळ दुखरं म्हणून शब्द गाळत बसलो, तर 'ठग'ही गाळावा लागेल.

मुक्ता_प
'ठग' कुणाच्या देवाचं नाव नाही. आणि हे चित्र सहज घडलेलं नव्हतं. कंपनी सरकार पुरीच्या यात्रेकरूंकडून कर घेत होतं. मराठेही घेत, हे लपवायचं कारण नाही. ख्रिस्ती सरकारचा मूर्तिपूजेशी संबंध तुटावा म्हणून मिशनऱ्यांनी मोहीम चालवली आणि १८४० मध्ये तो कर रद्द झाला. त्या मोहिमेत रथाची भीषण वर्णनं हे हत्यार होतं. करही गेला, कंपनीही गेली. शब्द तेवढा आपण चालवतोय. माझ्याकडे तपासायला आलेल्या मजकुरात तो दिसला, तर मी 'झंझावात' करते आणि लेखकाला कारण कळवते.

वैदर्भी
'झंझावात' उत्तम. 'जगन्नाथाचा रथ' मात्र सामुदायिक कामासाठीच राखून ठेवा.