मदत हवी आहे : स्पॅनिश रेड वाइनच्या चाचणीत आमची महागडी बाटली शेवटची का आली?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावच्या टिळकवाडीतले सहा मित्र, पन्नाशीच्या पुढेमागे. महिन्यातून एकदा कुणाच्यातरी गच्चीवर बसतो. यंदा मार्चमध्ये व्हिस्कीला सुट्टी देऊन स्पेनच्या रेड वाइन चाखायचं ठरलं. वर्गणी माणशी हजार रुपये, जेवण ज्याच्या घरी त्याचं.

बेंगळुरूहून येणाऱ्या भाच्याकडून तीन बाटल्या मागवल्या : हुमियाची मोनास्ट्रेल, काम्पो दे बोर्हाची कोवळी गार्नाचा (ही दोन्ही द्राक्षांची नावं) आणि रिओहाची रेसेर्वा, म्हणजे मुरवलेली. रेसेर्वा सगळ्यांत महाग. (गोव्यात स्वस्त मिळते, चोर्ला घाटातून घेऊन या, असा सल्ला कृपया देऊ नका. कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर या वयात मान खाली घालायची नाही.)

बाटल्या 'तरुण भारत'च्या पानांत गुंडाळल्या, नंबर घातले, प्रत्येकानं दहापैकी मार्क दिले. गार्नाचा पहिली, मोनास्ट्रेल दुसरी, आणि रेसेर्वा सपशेल नापास! एक मित्र म्हणाला, "ह्ये काय पिऊलालोय रे आपण, भिजवलेलं दार?" पैसे मीच तिच्यावर जास्त घालायला लावले होते, तेव्हापासून माझं नाव 'दारवाला' पडलंय.

परिस्थिती खरी सांगतो. बाटल्या कपाटातून थेट गच्चीवर आल्या. आधी मोनास्ट्रेल, मग गार्नाचा, शेवटी रेसेर्वा. सोबत झणझणीत सुकं मटण. काचेचे ग्लास तीनच, बाकीच्यांना स्टीलचे पेले. बाटली खराब होती, की आम्हालाच कळत नाही? पुढच्या महिन्यात पुन्हा बसायचंय. कशी मांडणी करू?

प्रतिसाद १

दारवाले, बाटलीचा दोष दिसत नाही. बुरशी लागलेल्या बुचाचा, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला असता तर वेगळं. आपल्याकडे मार्चमध्ये कपाटातली बाटली सहज तिशीला असते आणि रेड वाइन लागते १६ ते १८ अंशांना. गरम वाइनमध्ये आधी अल्कोहोलच नाकात शिरतं. दीड तास फ्रीजमध्ये ठेवा, मग उघडा.

मटण तर मुख्य आरोपी! मिरचीनं पेटलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी भाजतं, तुरटपणा बोचतो. फळाच्या गोडव्यावर चालणारी गार्नाचा त्यातून तरली, एवढंच. चाखताना भाजके शेंगदाणे, साधा पाव, चीज. सुकं मटण नंतर, खुशाल.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, खरं क्रमही उलटा झालाय. मोनास्ट्रेलची साल जाड, ती पिकते कडक उन्हात, म्हणून वाइन दाट आणि तुरट. ती आधी घेतली की मागून येणारं सगळं पाणचट किंवा लाकडी वाटणार. हलकी आधी, दाट शेवटी. बाटल्या झाकायचं काम जो पिणार नाही त्याला द्या, म्हणजे क्रमही सांभाळला जाईल.

आणि रेसेर्वा म्हणजे 'जास्त चांगली' असं नाही. रिओहाच्या रेडला तो शिक्का किमान तीन वर्षं मुरल्यावर मिळतो, त्यातलं एक वर्ष तरी ओकच्या पिंपात. तिच्या खालच्या पायरीला, म्हणजे क्रियान्साला, दोन वर्षं, त्यातलं एक पिंपात. तिथे जुनी चाल अमेरिकन ओकची, त्याचा व्हॅनिला-खोबऱ्यासारखा वास येतो. तुमच्या मित्राला दार लागलं ते बरोबरच लागलं, त्याला आवडलं नाही एवढंच.

पुढच्या खेपेला द्राक्ष एकच ठेवा, टेम्प्रानियो, आणि तिन्ही बाटल्या रिओहाच्याच घ्या. मागचं छोटं लेबल बघा : हिरवं म्हणजे साधी, लाल म्हणजे क्रियान्सा, गडद लाल म्हणजे रेसेर्वा. निळं दिसलं तर ती ग्रान रेसेर्वा, आणखी जास्त मुरलेली, तुमच्या वर्गणीबाहेरची. द्राक्ष तेच असल्यामुळे पिंपानं काय केलं ते नवख्यालाही कळतं. माणशी ५० मिली पुरे, सहा जणांत ३०० मिली जाते. उरलेल्या अर्ध्या बाटलीतून मार्क दिल्यावर पुन्हा घ्या, मत बदलतं की नाही बघा. स्टीलचे पेले मात्र नकोत, रंग दिसत नाही आणि वासही कोंडत नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ग्लास शेजारून उसने आणतो, हिरवं-लाल-गडद लाल भाच्याला कळवलंय. मटणाशिवाय बसायचं म्हटल्यावर दोघे आत्ताच रुसलेत. त्यांना मार्क देईपर्यंत शेंगदाण्यांवर कसं रोखायचं, हे कुणी सांगेल का?