मदत हवी आहे : दोडामार्ग तालुक्यातील दुर्गम वाडीत काजूची बाग घेऊन कायमचे राहण्याविषयी

नमस्कार. मी 57 वर्षांचा असून पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होत आहे. पत्नीचे माहेर दोडामार्ग तालुक्यात, तिलारी खोऱ्यातल्या एका वाडीत आहे आणि डोंबिवलीचे घर मुलाच्या स्वाधीन करून तिथेच जाऊन राहावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. मेहुण्यांच्या घराला लागून असलेली सव्वादोन एकरांची बाग विक्रीला निघाली आहे. वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 मिळून काजूची दीडशेच्या आसपास कलमे, चिऱ्यांनी बांधलेली विहीर आणि छप्पर खचलेला एक मांगर (शेतातले खोपटे) एवढे त्यात आहे. भविष्य निर्वाह निधीतली जवळपास निम्मी रक्कम त्यात जाईल, म्हणून विसार देण्याआधी जाणकारांना विचारावेसे वाटले.

शेतजमीन घेण्यासाठी शेतकरी असावे लागते, ती अट मी पूर्ण करतो, कारण लांजा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर माझे नाव आहे. (त्या उताऱ्यावर एकूण 23 नावे असून त्यातले सहाजण हयात नाहीत आणि दोघांचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नाही. स्वतःच्या गावी काही करण्याचा नाद मी त्यामुळेच सोडला.)

केवळ मे महिन्यातले गाव पाहून निर्णय घ्यायचा नाही, असे ठरवून आम्ही गेल्या वर्षी जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत मेहुण्यांकडे राहिलो. वस्तीची एसटी रात्री आठला येते आणि सकाळी सहाला सुटते, दिवसभरात दुसरी गाडी नाही. व्हाळाला (ओढ्याला) पाणी आले की गाडी मोठ्या गावातूनच परत फिरते आणि मग वाडीतली माणसे साकवावरून तीन किलोमीटर चालत घरी येतात. अशी वेळ त्या अडीच महिन्यांत चारदा आली. झाड पडून वीज गेली ती एकदा सलग पाच दिवस आली नाही. मोबाइलची रेंज देवळाजवळच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) मिळते. या कशाचीच आम्हाला फारशी अडचण वाटली नाही. ज्या रात्री शेजारच्या आजोबांच्या छातीत दुखू लागले, त्या रात्री मात्र मी घाबरलो. तिथले लोक अवघड दुखण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी न जाता गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात आणि त्यासाठी कोणाची तरी चारचाकी दारात असावी लागते. त्या रात्री ती सुदैवाने होती. मला स्वतःला रक्तदाबाचा त्रास आहे.

माझी मुख्य अडचण कागदपत्रांची आहे. बागेचे दोन गट असून त्यांपैकी लहान गटाच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात खाजगी वनाची नोंद दिसते. मालक म्हणतात की अशा नोंदी या भागात सर्वांच्याच उताऱ्यांवर आहेत आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही. हे कितपत खरे मानावे? विहीर नेमकी त्याच गटात आहे. शिवाय बागेकडे जाणारी पाणंद तिसऱ्याच माणसाच्या जमिनीतून जाते आणि ती गावनकाशावर नाही. आज त्यांची ना नाही, परंतु त्यांची मुले मुंबईला असतात आणि उद्या त्यांनी गडगा घातला तर टेम्पो कुठून न्यायचा?

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने 2013 मध्ये घातलेली वृक्षतोडबंदी आणि तिथली 25 गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याविषयी 2024 मध्ये दिलेला आदेश यांचा लहान बागायतदाराला प्रत्यक्षात कसा अनुभव येतो, हेही समजून घ्यायचे आहे. बांधावरच्या ऐन आणि किंजळीची सावली कलमांवर पडते, पण त्यांना हात लावावा की नाही ते कळत नाही.

उत्पन्नाबाबत माझी मोठी अपेक्षा नाही. मोहोराच्या वेळी ढग दाटले की ढेकण्या ही कीड पडते आणि हातचे पीक जाते, हे मेहुण्यांकडे पाहिले आहे. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून उतरलेले हत्ती या तालुक्यात काय करतात, तेही ऐकून आहे. बेणणी, फवारणी आणि बी गोळा करण्याची मजुरी वजा जाता घरखर्चाचा निम्मा भार बागेने उचलला तरी आम्हाला पुरेसे आहे. ही अपेक्षा अवाजवी आहे का?

प्रतिसाद

मी याच तालुक्यात बारा वर्षे बागायत करीत आहे. ‘सर्वांच्याच उताऱ्यांवर आहे’ हे खरे आहे, पण त्यावाचून काही अडत नाही हे खरे नाही. खाजगी वने संपादन कायद्याने अशी वने 30 ऑगस्ट 1975 पासून शासनाकडे गेलेली आहेत. ज्या नोटिशीच्या आधारे जमीन खाजगी वन धरली जाते, ती वन अधिनियमाच्या कलम 35 खालची नोटीस मूळ मालकाला खरोखर बजावली होती का, यावर पुष्कळ प्रकरणे उभी आहेत आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावणीला महत्त्व देणारा निर्णय दिलेला आहे. म्हणून ज्या फेरफाराने (उताऱ्यातील बदलाच्या नोंदीने) ती खाजगी वनाची नोंद आली त्याची नक्कल काढा, वनखात्याकडून लेखी उत्तर मागवा आणि तोवर एक रुपयाही विसार देऊ नका. नोंद उठवून देण्याचे काम विकणाऱ्याचे आहे. विहीर त्या गटात असल्यामुळे केवळ मोठा गट घेण्यात काही अर्थ नाही.

वाटेसाठी महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, परंतु तो बांधावरून मिळणारा रस्ता असतो आणि त्याला वर्षे लागतात. जमीनमालक आज राजी आहेत, तर मोबदला देऊन वहिवाटीचा हक्क नोंदणीकृत दस्ताने लिहून घ्या. ऐन आणि किंजळ परवानगीशिवाय तोडू नका, फांद्या छाटण्याआधीही वनपालांना विचारा. संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यातली बंदी खाणी, प्रदूषणकारी उद्योग आणि मोठी बांधकामे यांवर आहे, काजूच्या बागेवर नाही.

उत्पन्नाचा अंदाज दुसऱ्याच्या सांगण्यावरून येत नाही. मालक तयार असतील तर पुढचा एक हंगाम बाग कराराने घ्या. तुम्ही पावसाळा पाहिला आहे, एप्रिलमधली विहीर अजून पाहिलेली नाही.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. कराराची कल्पना मेहुण्यांनाही पटली आहे, मालकांशी रविवारी बोलणार आहोत. फेरफाराची नक्कल मागितली असता तो जुना असल्यामुळे मोडी लिपीत असण्याची शक्यता तलाठ्यांनी बोलून दाखवली. सावंतवाडी किंवा कुडाळ परिसरात जुने महसुली कागद वाचून देणारे कोणी असल्यास कृपया इथेच कळवावे.